साहेब, एकदा मे महिन्यात विहिरीवर या

प्रति,
जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्याचा आणि स्वच्छतेचा कारभार पाहणारे सर्व साहेब,
तसेच दर हिवाळ्यात अधिवेशनासाठी नागपुरात येणारे मंत्री व आमदार महोदय यांना.

सप्रेम नमस्कार.

मी नागपूर जिल्ह्याच्या संत्र्याच्या पट्ट्यातल्या एका गावचा पाणी सोडणारा. कागदावर मला जलसुरक्षक म्हणतात, गावात वॉलमन म्हणतात, आणि नळाला पाणी आलं नाही की जे म्हणतात ते इथं लिहिता येत नाही. एकोणीस वर्षं झाली. सकाळी सहाला मोटर चालू करायची, टाकी भरली की पहिली लाईन सोडायची, अर्ध्या तासानं वॉल फिरवून दुसरी, मग तिसरी. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायची, ओटी नावाच्या औषधाचे थेंब घालून पाण्यात क्लोरीन उरलं का ते पाहायचं, कुठं लिकेज दिसलं की सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर माझी नोकरी कच्ची, आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की तुम्ही त्या गावात एक टँकर पाठवाल आणि प्रकरण मिटलं म्हणाल.

माझ्याजवळ एक दोरी आहे. फुटाफुटावर गाठ, टोकाला लोखंडी नट. दर सोमवारी मोटर चालू करायच्या आधी ती विहिरीत सोडतो. नट पाण्याला टेकला की बारीक आवाज येतो, तिथवरच्या गाठी मोजतो आणि वहीत लिहितो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाणी खाली गेलं आणि मोटर कोरडी चालली तर जळते, आणि जळाली की पहिला दोष माझ्यावर येतो, म्हणून सुरुवात केली. पुढं अटल भूजल योजनेच्या प्रशिक्षणाला गेलो, तिथं गावाच्या पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा ते शिकवलं. तेव्हा कळलं की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. मी बावन्न वेळा मोजतो, एवढाच फरक. तिसरी वही संपत आली आहे आणि हे पत्र तिच्यातूनच लिहितो आहे.

लिहायचं निमित्त यंदाच्या एप्रिलचं. गावाला लागून आमच्याकडे एक टोली आहे, चाळीसेक घरं, सगळी मजुरी करणारी. उंचावर आहे, त्यामुळं विहीर उतरली की सगळ्यात आधी तिथलं पाणी तुटतं. सरपंचबाईंनी टोलीसाठी टँकर आणि शेजारच्या खासगी विहिरीचं अधिग्रहण असा प्रस्ताव केला. तो घेऊन आम्ही दोघं कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला.

“तुमचं गाव तर इथं शंभर टक्के दिसून राह्यलं. घरोघरी नळ हाय. नळवाल्या गावाले टँकर कोन्त्या नियमात बसवू, तुम्हीच सांगा मॅडम.”

टोलीला टंचाई आराखड्यात जागा मिळाली नाही. त्या बाबूंवर माझा राग नाही, त्यांनी पडद्यावर होतं ते वाचलं. पण मी टोलीतल्या नळांकडे रोज पाहतो. फेब्रुवारीपासून तिथं थेंब नाही. एका नळाच्या तोंडात कुंभारमाशीनं घर केलं आहे. चिखलाचं, गोल, इतकं नेटकं लिंपलेलं की पाहत राहावं. माशीला कळलं की हे भोक कोरडं आहे आणि कोरडंच राहणार आहे. कॉम्प्युटरला अजून कळलेलं नाही.

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं, तुम्हाला आठवत असेल. देशभर बातमी झाली. हवामान खात्यानं तपासणी केली, सेन्सर बिघडला होता असं सांगितलं, आकडा चुकीचा ठरवला, विषय संपला. आमचे शंभर टक्केही असाच बिघडलेला आकडा आहे. तो तपासायला कोण येणार?

आता गाऱ्हाणी सांगतो.

पहिलं विहिरीचं. जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली, २०२४ पर्यंत प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी असं ठरलं. मुदत पुढं २०२८ पर्यंत वाढली. आमच्या गावात काम लवकर झालं, लोकवर्गणीही जमली. नवी टाकी आली, पाइपलाइन आली, नळ आले. विहीर मात्र तीच, माझ्या बाबांच्या काळात नाल्याकाठी खोदलेली, बेचाळीस फुटांची. पेल्यात दूध तेवढंच, नळ्या चार होत्या त्या दोनशे झाल्या. घरोघरी नळाचं पाणी पोचलं असं सांगणारा ‘हर घर जल’चा ग्रामसभेचा ठराव झाला तो सप्टेंबरात. विहीर तुडुंब होती, नळ धो धो वाहत होते, टाळ्या वाजल्या. खोटं कशाला बोलू, त्या ठरावावर माझीही सही आहे.

आमच्याकडची जमीन काळ्या पाषाणाची. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला दगड. पाणी धरून ठेवतो तो मुरूम आणि त्या भेगा, बाकी खडकात काही नाही. आणि भेगा भरायला हळू पाऊस लागतो. आम्ही लहान असताना झड लागायची. तीन-तीन दिवस सूर्य दिसायचा नाही, गोवऱ्या ओल्या, चूल पेटायची नाही, आई वैतागायची. ती वैतागायची तेव्हा तिकडे विहीर भरत असायची. आताच्या पोरांना झड म्हणजे काय ते सांगावं लागतं. जून कोरडा जातो, पेरण्या उलटतात, मग एखाद्या दुपारी आभाळ फाटतं. तासाभरात नाला दोन्ही काठ सोडून वाहतो आणि संध्याकाळी लख्ख ऊन पडतं. शहरवाल्यांनी हा पाऊस २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाहिला. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली. त्या पावसाचं पाणी जमिनीत किती गेलं असेल? आमच्या शिवारातही तेच होतं, फक्त फोटो येत नाहीत.

वर्षाची बेरीज पुष्कळदा सरासरीजवळ जाते, म्हणून पेपरात ‘समाधानकारक पाऊस’ छापून येतो. वहीत वेगळं दिसतं. जुन्या पानांवर पोळ्याला जी पातळी आहे ती दिवाळीपर्यंत फारशी हललेली नाही. अलीकडच्या पानांवर एका मोठ्या पावसानंतर पाणी दोन दिवसांत आठ-दहा गाठी चढतं आणि पंधरवड्यात त्यातलं निम्मं उतरतं. ते नाल्यातून पाझरून आलेलं असतं, आलं तसं जातं. मागच्या मे महिन्यातल्या एका सोमवारी तळाशी दोनच गाठी पाणी होतं. मोटर अकरा मिनिटं चालली. अकरा मिनिटांत कोणाच्या लाईनला पाणी सोडायचं हे मी ठरवतो, साहेब. दहावी नापास माणूस ठरवतो. त्याबद्दल कोणी मला काही विचारत नाही आणि मला झोप येत नाही.

माणशी ५५ लिटरच्या हिशेबात जनावर नाही, हेही इथंच सांगून टाकतो. एक दुभती म्हैस उन्हाळ्यात पन्नास-साठ लिटर सहज पिते. ती गावाबाहेर जाऊन कोण्या योजनेचं पाणी पिणार आहे?

दुसरं गाऱ्हाणं आमचं आमच्याविरुद्ध आहे. संत्र्याच्या अंबिया बहाराला डिसेंबरात झाडांना ताण देतात, जानेवारीत पाणी सुरू करतात, मग फुलं येतात. त्यानंतर पावसाळा लागेपर्यंत फळ झाडावर टिकवायचं तर पाणी तोडून चालत नाही. म्हणजे ज्या एप्रिल-मेमध्ये गावच्या विहिरीत सगळ्यात कमी पाणी, त्याच दिवसांत बागेला सगळ्यात जास्त लागतं. ऊन वाढलं की अजून. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, त्या आठवड्यात आमच्या शिवारात तीन नव्या बोअर झाल्या.

कायदा नाही असं नाही. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हे १९९३ च्या कायद्यापासून सांगितलं आहे. २००९ च्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअरला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडे आठशे फुटांपेक्षा कमी खोलीची कोणी गोष्टच करत नाही. आणि बोअरच्या गाड्या काही रात्री लपूनछपून येत नाहीत. भर दुपारी येतात, पंचायतीसमोर चहा पितात, कामाला लागतात.

माझ्या चुलतभावाची बोअर गावच्या विहिरीपासून दोनशे पावलांवर आहे. मी मोजली आहेत. ती सुरू असली की माझी दोरी सांगते. त्याची साडेतीनशे झाडं आहेत, मुलीचं लग्न त्या बागेवर झालं, कर्ज त्या बागेवर आहे. मी त्याच्याविरुद्ध अर्ज करू? आणि केला तर पुढच्या दिवाळीला कोणाच्या ओसरीवर बसू? ‘तक्रार प्राप्त झाल्यास कारवाई करण्यात येईल’ असं तुम्ही लिहिता तेव्हा ही सगळी भांडणं तुम्ही आमच्या अंगणात आणून ठेवता. गाडी बोअर मारायला आली तर तिला परवाना कोणी दिला, किती फुटांचा दिला, हे विचारायचं काम माझं नाही. ज्याला पगार आहे त्याचं आहे.

तिसरं संडासाचं. याच्यावर कोणी बोलायला तयार नसतं, म्हणून मी जरा जास्त बोलतो.

टोलीत एक आजी आहेत. बारा हजारांच्या अनुदानातून त्यांच्याकडे संडास झाला, भिंतीवर गुलाबी रंग, दारावर लाभार्थ्याचं नाव. मागच्या महिन्यात लिकेज बघायला गेलो तेव्हा दार उघडं होतं. आत छतापर्यंत तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, रचल्या होत्या, भांड्यावर गोवऱ्यांचं पोतं. मी काही बोललो नाही, तरी आजीनंच विषय काढला.

“बाबू, एका खेपेले दोन गुंड पानी आणतो मी. एक गुंड त्यात ओतू, तं दिवसभर पिऊ काय?” (गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं.)

हीच आजी, बरं का, काही वर्षांपूर्वी पहाटे ‘गुड मॉर्निंग पथक’ आलं तेव्हा हातातलं टमरेल पदराखाली लपवत बांधावरून परतली होती. पथकानं तिला गुलाबाचं फूल दिलं होतं. ग्रामीण भाग २०१९ च्या २ ऑक्टोबरला हागणदारीमुक्त जाहीर झाला, आमच्या गावाची कमान तर त्याच्याही आधीची आहे. कमान अजून आहे. एप्रिल-मेमध्ये तिच्या खालून पहाटे चारला बाया रांगेनं जातात. सुनांचं तर आणखी वेगळं. दिवसाउजेडी जाता येत नाही, म्हणून संध्याकाळपासून त्या पाणीच पीत नाहीत. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात राबून आलेली बाई रात्रभर तहान मारून झोपते. ही गोष्ट मला माझ्या बायकोनं सांगितली, तीही लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर.

पाणीपुरवठा एका टेबलावर आणि स्वच्छता दुसऱ्या टेबलावर, दोन्हींचे फोटो वेगळे, बक्षिसं वेगळी. आमच्याकडे दोन्ही एकाच गुंडात असतात.

पावसाळ्यात गत उलटी होते. दोन खड्ड्यांचा संडास चांगलाच आहे, मी स्वतः बांधला आहे. एक खड्डा भरला की चेंबरमधला रस्ता बदलायचा, दुसरा वापरायचा, पहिल्यातलं वर्ष-दीड वर्षानं खत होतं, हातात घेतलं तरी वास येत नाही. पण हे नीट समजावून किती घरी बांधले? बहुतेकांनी एकच मोठा खड्डा खोदला, नाहीतर सेप्टिक टँक करून त्याचा पाइप गटारीत सोडला. गटार नाल्यात जाते आणि नाल्याच्या काठी विहीर आहे. पूर्वीच्या झडीत हे सगळं हळूहळू जिरत असावं. आता एका तासाच्या लोंढ्यात सगळं वर येतं.

दोन वर्षांमागच्या ऑगस्टमध्ये असाच लोंढा आला. दुसऱ्या दिवशी मी नेहमीचं टीसीएल टाकलं, अर्धा तास थांबलो, परीक्षानळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब सोडले. पिवळा रंग यायला हवा. आला नाही. पुन्हा टाकलं, दुप्पट टाकलं. तरी पाणी पांढरंच. पाण्यात घाण जास्त असली की सगळं क्लोरीन तिच्यातच संपतं, जंतूंसाठी उरत नाही. मी मोटर बंद केली आणि दोन दिवस पाणी सोडलं नाही. लोकांनी शिव्या दिल्या, टोलीतल्यांनी नाल्यातलं पाणी नेलं, आठवड्याभरात सात जणांना सलाइन लागलं. मला पाणी बंद ठेवल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस आली. सात जण आजारी कशानं पडले याची नोटीस कोणाला गेली ते मला माहीत नाही. नंतर आरोग्यवाल्यांनी येऊन पाहणी केली आणि विहिरीला लाल कार्ड दिलं, म्हणजे पाणी धोक्याचं ठरवलं. कार्ड पंचायतीच्या भिंतीवर आहे, ‘हर घर जल’च्या फलकाच्या बाजूलाच.

जंतू तरी टीसीएलनं मरतात. खड्ड्यांतून आणि बागेतल्या युरियातून झिरपणारं नायट्रेट मरत नाही. उकळलं तरी जात नाही, उलट पाणी आटल्यानं दाट होतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की लहान बाळांना ते पाणी देऊ नये म्हणतात. गावातल्या पाच बायांना तपासणीचं किट वापरायचं शिकवावं असा मिशनचाच नियम आहे. किट आलं, त्यातली औषधं संपली, डबा अंगणवाडीत रंगीत खडू ठेवायला कामी येतो आहे. आणि साहेब, पाण्यावर संशोधन करणारी नीरी संस्था १९५८ पासून नागपुरातच आहे. तिथून आमच्या विहिरीवर यायला एसटीनंसुद्धा दीड तास पुरतो.

माझी सासुरवाडी कुहीकडची. तिकडचं रडगाणं वेगळं. शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. नदी सुधारायला १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर झाल्याचं आम्ही वाचलं. सासरे म्हणतात, नदीत पाय धुवायचे दिवस गेले, आता नदीवरून आलं की पाय धुवायचे. त्या बाजूला, रामटेक-भिवापूरकडेही, माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी लोकांनी काही शतकांपूर्वी बांधलेले, पाळ, सांडवा, पाट सगळं हिशेबानं. तलाव भरला की खालच्या विहिरी आपोआप भरायच्या. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गावानं गाळ काढणं हळूहळू सोडलं. आता तलाव उथळ झालेत आणि पाळीच्या खाली नव्या योजनेची बोअर खोदतात. एवढं मोठं भांडं आयतं असताना.

चौथं गाऱ्हाणं दोन ओळींत. माझं मानधन पाच महिन्यांचं थकलं आहे, टीसीएलचं पोतं उघडं राहून त्याची ताकद गेलेली असते, आणि वीजबिल थकलं की मोटरची लाईन कापतात. १५व्या वित्त आयोगाच्या निधीतला ३० टक्के वाटा पिण्याच्या पाण्याला आणि ३० टक्के स्वच्छतेला बांधलेला होता, तरी ही गत.

पाचवं तारखांचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरतं. ते भरतं डिसेंबरात. संत्री पिकलेली असतात, थंडी छान असते, विहिरीत तीस गाठी पाणी असतं. मोर्चे येतात, पाण्यावर चर्चा होते, मंत्रीमहोदय जवळपासचं एखादं गाव पाहतात आणि नळ सोडून दाखवला की पाणी येतं. आलंच पाहिजे, डिसेंबर आहे! टंचाई आराखडाही ऑक्टोबरपासून तीन टप्प्यांत करतात, पण शेवटच्या टप्प्यातलं काम मंजूर होऊन सुरू होईपर्यंत मृग लागतो. आमच्या विहिरीचं खोलीकरण एकदा १४ जूनला सुरू झालं होतं. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, काम तिथंच थांबलं, बिल निघालं की नाही ते ठाऊक नाही.

२०१९ च्या जुलैमध्ये पेंच धरणाचा साठा तळाला गेला तेव्हा नागपूर शहराला एक दिवसाआड पाणी मिळालं. केवढा गदारोळ झाला होता. व्हायलाच हवा होता. आमच्या टोलीला दिवसाआड मिळालं तर आम्ही पेढे वाटू.

तुम्ही म्हणाल, गावकरी पाणीपट्टी भरत नाहीत. खरं आहे. निम्मी घरं भरत नाहीत, त्यांत मोठ्या बागांचे मालकही आहेत. तुम्ही म्हणाल, नळाला तोट्या बसवत नाहीत, पाणी वाहू देतात. हेही खरं. मी स्वतः तोट्यांवरून भांडणं केली आहेत. पण ज्या घरी फेब्रुवारी ते जून पाणी नाही, त्याच्याकडे मार्चमध्ये बाराही महिन्यांची पट्टी मागायला मला लाज वाटते, आणि पावती पुस्तक घेऊन जाणारा मीच असतो.

तेव्हा मागण्या अशा आहेत.

गावाला ‘हर घर जल’ म्हणायचं असेल तर पाणी मे महिन्यात मोजा, शेवटच्या आणि सगळ्यात उंच घराच्या नळावर मोजा. सप्टेंबरातला ठराव ग्राह्य धरू नका. ज्यांना आधी प्रमाणपत्र दिलं त्यांचीही एकदा मे महिन्यात फेरतपासणी करा, आणि आकडा शंभरावरून साठावर आला तर तसा तो पडद्यावर दिसू द्या.

घरी नळ आहे म्हणून टँकर आणि अधिग्रहण नाकारणं यंदापासून बंद करा. टोलीचा प्रस्ताव आजही पडून आहे.

नवी टाकी, नवी पाइपलाइन मंजूर करण्याआधी विहीर किती महिने पुरेल हे भूजलवाल्यांकडून लिहून घ्या. पुरत नसेल तर आधी नाल्यावरचे जुने बंधारे दुरुस्त करा, गाळ काढा, पाणी मुरवायची कामं करा, आणि हे सगळं मार्चच्या आत. पूर्वेकडच्या तालुक्यांत मालगुजारी तलावांचा गाळ आणि पाळ पिण्याच्या पाण्याच्या योजनेतच धरा.

पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरचं वर्तुळ नकाशावर आखा, जागेवर दगड रोवा आणि बोअरच्या गाडीला परवान्याशिवाय तालुक्यात फिरू देऊ नका. त्या वर्तुळातल्या ज्यांच्या बागा आहेत त्यांना वाऱ्यावर सोडू नका. त्यांना ठिबक, शेततळं, आच्छादन यासाठी पहिला नंबर द्या. माझा चुलतभाऊ चोर नाही.

नाल्याकाठचे एका खड्ड्याचे संडास आणि उघड्या गटारीत सोडलेले सेप्टिक टँक मोजा आणि ते दुरुस्त करायला पैसे द्या. नव्या संडासाला अनुदान आहे, जुना नीट करायला कुठं जायचं ते कोणालाच सांगता येत नाही. मैला उपसायची एक गाडी तालुक्याला द्या. विहिरीचा काठ पुराच्या पातळीच्या वर बांधा, चार फूट पुरे.

पाणी खराब दिसलं तर पुरवठा बंद करायचा अधिकार जलसुरक्षकाला लेखी द्या. आणि बंद केला त्या दिवशी टँकर आला पाहिजे.

आमचं मानधन दर महिन्याला द्या. एवढंच, वाढवा म्हणत नाही. (वाढवलंत तर नको म्हणणार नाही.)

आणि अधिवेशन डिसेंबरात घ्या, आमची हरकत नाही. पण पाणी आणि स्वच्छता पाहणारी तुमची समिती वर्षातून एकदा मे महिन्यात चार दिवस या जिल्ह्यात मुक्कामी पाठवा. विश्रामगृहात नको, गावात. टोलीतली आजी गुलाबी संडासातल्या तुऱ्हाट्या काढून देईल, मी तिला तसं विचारून ठेवलं आहे. म्हणाली, “येऊ दे. पन पानी सोबत आणा म्हना.”

सोमवारी सकाळी सहाला मी विहिरीवर असतो. सव्वासहाच्या आत आलात तर दोरी तुमच्या हातात देईन, गाठी तुम्हीच मोजा. वहीत त्या दिवशीचा आकडा तुमच्या अक्षरात राहील.

आपला,
एक जलसुरक्षक
संत्र्याच्या पट्ट्यातलं एक गाव, जिल्हा नागपूर